शनिवारचं लोखंड

आर्णी
१२ नोव्हेंबर २०२४

ति. सुखीबाईले मैनाचा नमस्कार.

पत्र पाहून तुम्ही घाबराल म्हणून आधीच सांगते, इथं कोणी मेलं नाही. घरात फोन असतानी पत्र कायले लिहून राह्यली, तर फोनवर बोलता येत नाही म्हणून. मी फोन कानाले लावला का तुमचे भाऊ बाजूले येऊन बसतात. मोबाइलवर बोलून पाठवलं तर आमची नात परी ते साऱ्या घराले वाजवून दाखवते. शाळा मी चौथीपर्यंत शिकली, त्यातलं पत्र लिहाचं तेवढं ध्यानात आहे. चुकलं तर समजून घेजा.

आमचा पोरगा कपिल खालच्या मजल्यावर बी-बियाण्याचं दुकान काढून राह्यला. मले न तुमच्या भावाले वर पाठवणार. वर दोन खोल्या झाल्या. समोरून लांब गॅलरी आहे, न गॅलरीच्या टोकाले जिना. आता त्या गॅलरीले कठडा लावाचा राह्यला, कपिल त्याले रेलिंग म्हणते. त्याच्यावरून घरात भांडण लागलं आहे.

मोबाइलमंधी तो फोटो दाखवते. एक प्रकार लोखंडाचा, त्याले रॉट आयर्न म्हणते. मी म्हणलं, म्हणजे लोहार ठोकते तसं का. तर फकिरा मिस्त्री, वेल्डिंगवाला, हसाले लागला. म्हणे काकू, ठोकते कोण आता. चौकोनी सळाख मशिनीत पिळतो न तयार पानंफुलं वेल्डिंगनं चिकटवतो, नाव तेच ठेवलं. दुसरा प्रकार काचेचा. जाड काच राहते, फुटली तर खडीसाखरेसारखी सांडते म्हणे, धार लागत नाही. कपिलले काचच पाहिजे. त्यातही वरून पाइप नको, मधात खांब नको, खाली चिमट्यात धरलेली नुसती काच. म्हणजे आहे का नाही तेच समजू नये अशी.

आता खरं सांगते. तुमच्या भावाले दिसत नाही.

समोरचं दिसते, तेही नळीतून पाहिल्यासारखं. बाजूचं काहीच दिसत नाही. यवतमाळच्या डोळ्याच्या डॉक्टरनं सांगतलं, गेली ती नजर वापस येत नाही, उरली ती थेंब टाकून सांभाळा. थेंब मी गोठ्यात टाकते, गायीच्या आडून. शेतात जातानी गाडी तेच चालवतात, मी मागं बसते. डावीकडून ट्रक आला का डावा खांदा दाबते, उजवीकडून आला का उजवा. गावातले लोकं म्हणतात, बबनरावची बायको या वयात नवऱ्याले एकटं सोडत नाही. म्हणू द्या.

कपिलले न सुनेले सांगाचं नाही, अशी तुमच्या भावानं मले कपिलची शपथ घ्याले लावली. पोराची शपथ कशी मोडू. तुमचं नाव त्या शपथेत नव्हतं म्हणून तुम्हाले सांगून राह्यली.

लोखंड काळं राहते, जाड राहते, ते यायले दिसते. काच दिसणार नाही. आता सांगा मी लोखंड कोणतं कारण देऊन मागू. तुमच्या गोपालच्या घरी काच आहे, तुम्ही रोज पाहता. तिच्यातली काही खोड असली तर लिहा, मी कपिलच्या तोंडावर मारते.

डॉक्टर म्हणे, हे घराण्यात चालते, भावा-बहिणीनं डोळे तपासून घ्या. तुम्ही घेतले का?

मैना


वणी
२१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मैनाले अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बबनचं समजलं. आमच्या बाबाचंही असंच झालं होतं. शेवटी शेवटी ताटातली भाकर दिसे, पण बाजूची वाटी दिसत नसे. माय ती वाटी उचलून भाकरीवर ठेवे न बोलत नसे. आम्हाले वाटे मायले घाई आहे.

गोपालच्या घरची काच चांगली आहे. दिसाले छान दिसते. इथं कोळशाच्या गाड्या दिवसभर जातात, त्याची काळी धूळ बसते. सून दीपा दर सकाळी पुसते, पुसली का लखलख होते. मले काही खोड दिसली नाही. तुझा आवाज मोठा आहे, कपिल ऐकेल, पण भांडू नको. एवढंच सांग का काचेवरून स्टीलचा गोल पाइप घाल. हाताले धराले होते.

मी फारशी वर जात नाही. खालीच बरी आहे. गुडघे दुखतात.

कपिलले खरं सांगून टाक असं मी म्हणलं असतं, पण शपथ आहे म्हणतेस. नव्या घराच्या वास्तुशांतीले मी येईन तेव्हा मीच त्याले बाजूले घेऊन सांगीन. माझी कोणती शपथ नाही.

सुखी


आर्णी
२ डिसेंबर २०२४

ति. बाईले नमस्कार.

तुमचं अक्षर काय झालं बाई. ओळी एकमेकीवर चढून राह्यल्या, एक शब्द तर पानाच्या बाहेरच गेला. एवढी कायची घाई होती. मले मास्तर मारत होता तेव्हाही मी याहून बरं लिहिलं. न डोळे तपासले का विचारलं त्याचं उत्तर नाही देल्लं.

आणि काचेत खोड दिसली नाही म्हणता. भाच्याची बाजू घेतली तुम्ही, दुसरं काय. पाइपाचं कपिलले सांगतलं. तो म्हणे, पाइप लावला का लूक जाते. लूक म्हणजे काय ते मले अजून समजलं नाही, पण तो जाऊ द्याचा नाही एवढं समजलं.

मग मी खोटी कारणं काढली. काचेवर धूळ बसते. तो म्हणे, आई, लोखंडाले दर पावसाळ्यात गंज येते, घासा, लाल रंग मारा, मग काळा मारा, काच पाण्यानं धुवा न मोकळे व्हा. मी म्हणलं, रस्त्यावरून सारं घर दिसते. तो म्हणे, धुरकट काच घेऊ. मी म्हणलं गोधड्या कोठी वाळवू. तो म्हणे गच्चीवर. मी म्हणलं मे महिन्यात काच तापते. तो म्हणे, न लोखंड काय थंड राहते का, हात ठेवून पाहा. सून निकिता बाजूले उभी राहून हसत होती. हसली तर हसली, तिचंही काय चुकलं. मीच अशी भांडून राह्यली जशी लोखंडाच्या दुकानाची दलाल.

तुमचे भाऊ हे सारं ऐकत खाटेवर बसले होते. एकदा मान वर करून म्हणत नाहीत का मैना म्हणते ते लावा. उलट म्हणतात, पोराच्या मनासारखं करा, मले काय काच काय न लोखंड काय. रात्री जेवतानी मी वाटी भाकरीवर ठेवली. तुमच्या मायसारखी. यायनं उचलून बाजूले ठेवली न हात पुसून घेतला.

पण ऐका, काम झालं. वानरांनी केलं. समोरच्या नव्या घराले मोठी काच बसवली आहे. त्या वानरांच्या टोळीतल्या मोठ्या हुप्प्यानं काचेत आपलंच तोंड पाह्यलं न त्याले वाटलं दुसरा हुप्प्या आला. दोन दिवस तो काचेवर थापा मारून राह्यला, दात दाखवून राह्यला. तिथल्या बाईनं आतून गोधडी लावली तेव्हा गेला. कपिलनं सारं डोळ्यानं पाह्यलं. काल म्हणे, आई, घे तुझं लोखंड. उभ्या सळाखी, परीचं डोकं जाणार नाही एवढ्या जवळ, वरून लाकडी पट्टी. फकिराले सांगूनही आला.

माह्या जिवात जीव आला. वास्तू माघात धरली आहे. पहिलं आमंत्रण तुम्हाले.

मैना


आर्णी
२३ डिसेंबर २०२४

बाई,

नमस्कार राहू द्या. मीच माह्या पायावर धोंडा मारून घेतला.

परवा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. फकिरानं आणलेला छोटा हत्ती टेम्पो येऊन उभा राह्यला. मागं सारा कठडा बांधून आणलेला. काय सुंदर होता, काळाकुट्ट, वेलीसारखा पिळलेला, दुरून दिसे. पोरं उतरवाले लागली. आणि माह्या तोंडातून निघून गेलं, अरे आज शनिवार आहे, शनिवारी लोखंड घरात घेत नसते, उद्या आणा.

फकिरा म्हणे, काकू, गाडी भाड्याची आहे, उतरवून अंगणात ठेवू देता का, उद्या चढवू. मी म्हणलं, अंगण काय घराबाहेर आहे का. माह्या आईनं शनिवारी कधी सुई घेतली नाही न खिळा घेतला नाही. मी कठडा कसा घेऊ. माणसाचे डोळे जाऊन राह्यले न घरात शनीले बोलवू. मले तेच वाटलं. तुम्ही असत्या तर तुम्हीही हेच केलं असतं.

गाडी वापस गेली. काल रविवारी आली नाही. आज कपिल विचाराले गेला तर फकिरानं सांगतलं, दारव्हा रोडवरच्या एका बंगल्याचं माप जवळपास सारखं निघालं, त्यायले घाई होती, तिथं बसवून टाकला. तुमचा आता शिवरात्रीनंतर. वास्तूची तारीख त्याच्याही आधीची निघाली आहे.

कपिल एक शब्द रागानं बोलला नाही. नुसतं म्हणे, आई, काचेले वार लागत नाही ना?  काच शनिवारी घेऊ नये असं कोठीच नाही. माह्या आईच्या वेळेले काच होती कोठी.

तुमचे भाऊ मले म्हणाले, तुले शनीनं नाही, तुह्या तोंडानं खाल्लं. आपल्या डोळ्याच्या गोष्टीवर ते पहिल्यांदा हसले. मले हसू आलं नाही.

आता तुम्हीच या. वास्तूच्या दोन दिवस आधी या न कपिलले सांगा, म्हणजे निदान पाइप तरी घालील.

मैना


वणी
६ जानेवारी २०२५

चि. मैना,

शनिवारचं तू बरोबरच केलं. मीही नसता घेऊ दिला.

वास्तूले येणं होत नाही. गुडघ्याचं फार वाढलं. गोपालले कामावरून सुट्टी नाही, न एकटीनं एसटीनं येणं आता जमत नाही. भावाच्या घराले बहिणीनं यावं लागते हे मले कळते. लुगडं न बबनले टोपी गोपालच्या मित्राच्या हातानं पाठवते. रागावू नको. कपिलले पत्रातून कसं सांगू, तो निकिताले वाचाले देईल, निकिता तिच्या मायले. बबनले ते सहन होणार नाही. मी भेटलीच तर सांगीन.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर काही खरखरीत लाव. पोतं लाव. पायाले समजलं पाहिजे.

सुखी


आर्णी
२० जानेवारी २०२५

बाई,

गुडघे साऱ्याइचेच दुखतात. माह्येही दुखतात. भावाचं घर रोज होत नाही. तुम्ही वाचवणार म्हणून मी बसली होती न तुम्ही टोपी पाठवून राह्यल्या.

काच बसली. मी वर गेली तर मलेच दिसली नाही, डोळे चांगले असून कपाळ आपटलं. पायरीवर पोतं टाकलं, निकितानं उचललं, नव्या फरशीवर पोतं कसं दिसते म्हणे.

खाली दुकानाचं सामान आलं म्हणून आम्ही वास्तूच्या आधीच वर राहाले गेलो. तुमचे भाऊ खोलीतून निघाले का भिंतीले पाठ लावून चालत. कपिल म्हणे, बाबाले उंचीचं भ्या वाटते. सारे हसले. तेही हसले. वरून हात लावला तर काचेची कड लागते, पण ती कोठी संपते न जिना कोठी सुरू होते ते समजत नाही.

तर मी काय केलं ऐका. अंघोळ झाली का आपण जुनी टिकली आरशावर चिकटवून ठेवतो ना. माह्या टिकल्या न्हाणीतल्या आरशावर नेहमीच राहतात, निकिता त्यावरून बोलते. मी त्या काचेच्या कडेले लावल्या. हाताच्या उंचीवर, लाल, मोठ्या. जिना येते तिथं दोन, एकीच्या खाली एक. घरात सांगतलं, कपडे वाळवता वाळवता चिकटवते, सवय आहे. निकिता म्हणे, आई, एवढ्या महागाच्या काचेचा आरसा केला तुम्ही. कोणाले शंका आली नाही.

यायले मी काही सांगतलं नाही. यायनं काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पाह्यलं तर पाठ भिंतीवरून सुटली होती. बोट काचेवरून चाललं होतं, टिकली लागली का थोडं थांबे, मग पुढची. दोन लागल्या का पाय उचलून जिना उतरले. मी न्हाणीच्या दारात उभी राहून पाहत होती. बादली भरून वाहून गेली तरी नळ बंद केला नाही.

म्हणजे आता डोळ्यानं पाहतच नाहीत. बोटानं पाहतात. नळीही बारीक झाली वाटते. विचारलं तर म्हणतात, मस्त दिसते.

मैना


आर्णी
८ फेब्रुवारी २०२५

ति. बाईले नमस्कार.

तुमचं लुगडं पोचलं. टोपी पोचली. वास्तू झाली. आता तुम्हाले कोणाले काही सांगाची गरज नाही राह्यली.

वास्तूच्या दिवशी पाहुणे येणार म्हणून निकितानं पहाटे उठून साऱ्या काचा धुतल्या. टिकल्या नखानं काढल्या, वरून कागदानं पुसल्या. मी खाली पुरणाच्या चुलीजवळ होती. मले माहीत नाही. तिनं वाईट मनानं नाही केलं, पोरगी कामाची आहे.

खाली पूजा लागली. नारळ फोडाले बाबाले बोलवा, असं भटजीनं सांगतलं. तुमचे भाऊ तुमची टोपी घालून खोलीतून निघाले. गॅलरीत पाहुणेच पाहुणे. यायनं काचेवर हात ठेवला न निघाले. थोडे चालले. मग थांबले. हात मागं नेला, पुढं नेला, काच चाचपली. मागं लोकं थांबले. कपिल खालून जिन्यानं वर आला न म्हणे, चला ना बाबा, मुहूर्त चालला.

हे जागचे हालले नाहीत. मी चुलीजवळून उठून जिन्याजवळ आली होती. माह्या पायाचा आवाज यायले ओळखू येते. तर साऱ्याइच्या समोर, मोठ्यानं नाही, जसं घरात विचारतात तसं, मले म्हणाले, "मैना, टिकल्या कोणी काढल्या?"

निकिता म्हणे, बाबा, मी काढल्या, पाहुणे येणार होते ना. आणि हसली. मग तिचं हसणं मधातच थांबलं.

कपिल हुशार आहे. त्यानं बापाच्या कानाजवळ हात नेऊन हलवला, माशी हाकलतात तसा. यायची पापणी हालली नाही. दुसऱ्या कानाजवळ हलवला. मग तो हात तसाच हवेत राह्यला, त्याले खाली घेता येईना.

"आईले माहीत होतं?" एवढंच म्हणला. मी मान हालवली. त्याची शपथ होती हे सांगतलं नाही. सांगून काय, ती तर आता अशीही तुटली.

नारळ कपिलनं फोडला. हे तिथंच गॅलरीत खाली बसले, टोपी मांडीवर घेऊन. पाहुणे जेवले, पुरण चांगलं झालं म्हणाले.

त्याच संध्याकाळी कपिलनं फकिराले फोन लावला, का उद्याच्या उद्या माप घे, लोखंड लाव. तुमचे भाऊ म्हणाले, "आता कायले. आता साऱ्याइले दिसलं." कपिल ओट्यावर जाऊन बसला. मोठा झाल्यावर त्याले रडतानी मी पहिल्यांदा पाह्यलं.

गाडीची किल्ली कपिलनं आपल्याजवळ ठेवली. शेतात मी ऑटोनं जाते. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. हे घरी बसून राहतात, खोलीतून निघतच नाहीत. माह्याशी बोलत नाहीत. त्यायले वाटते मी टिकल्या लावल्या नसत्या तर उघडं पडलं नसतं. असेलही. लोखंड आलं असतं तर पडलं नसतं. शनिवार नसता तर. कोणत्या गोष्टीले धरू तेच समजत नाही.

निकितानं तिच्या टिकल्या लावल्या आहेत काचेवर. खड्याच्या, चमकीच्या, बोटाले टोचतात अशा. जिन्याजवळ दोन, एकीच्या खाली एक. कोणी सांगतलं नव्हतं तिले. पण बोट फिरवाले माणूस बाहेर आला पाहिजे ना.

मैना


वणी
१९ फेब्रुवारी २०२५

चि. मैनाले आशीर्वाद.

हे पत्र लिहाले मले तीन दिवस लागले. ओळीवर ओळ चढली असेल तर तशीच वाच. दीपाले लिहाले सांगता येत नाही, काहून ते खाली कळेल.

तू पहिल्याच पत्रात विचारलं होतं डोळे तपासले का. तपासले. तुह्या पत्राच्या आधीच तपासले. मलेही बाजूचं दिसत नाही. गुडघ्याचं खोटं होतं. एसटीतून उतरून स्टँडवर एकटीनं उभं राहाची हिंमत नव्हती. काचेत खोड दिसली नाही लिहिलं तेही खरं नव्हतं. मले काचच दिसत नाही, तिची खोड कशी दिसेल. गोपाल म्हणते, आईले गुडघ्यामुळे वर जमत नाही. मी म्हणते हो.

कपिलले मी सांगीन म्हणलं होतं. येऊन सांगतलं असतं तर त्यानंच पहिले मले विचारलं असतं, आत्या, तुह्यं काय. म्हणून नाही आली. माफ कर.

आता एक काम आहे. गोपालची खोली वर आहे, नातवाचा वाढदिवस येते, साऱ्याइचं जेवण वर राहील, मले वर जावं लागेल. तुह्या टिकल्या मले पाठव. माह्याजवळ नाहीत. तुह्ये भाऊजी वारले तेव्हापासून माह्या खोलीत एकही नाही, न या वयात मी विधवा बाई दुकानात टिकलीचं पाकीट मागाले गेली तर दुकानदार काय म्हणेल. दीपाले आण म्हणलं तर ती विचारेल कोणासाठी.

कुरिअरनं नको, साध्या पत्रात घालून पाठव. कोणाले समजणार नाही.

बबनले म्हण बाहेर ये. सुखीनं सांगतलं म्हण.

सुखी


आर्णी
२६ फेब्रुवारी २०२५

बाई,

या पत्रात पाकीट आहे. मोठ्या लाल आहेत. बारक्या वापरू नका, बोटाले लागत नाहीत. अंघोळीनंतर काच कोरडी पाहून लावजा, नाही तर दुसऱ्या दिवशी गळतात. जिन्याजवळ दोन.

दीपानं विचारलं तर सांगजा मैना आली होती तेव्हा तिनं लावल्या. नाही, हे नका सांगू. गोपालले खरं सांगा. मी हे लिहून राह्यली न माह्या तोंडाले शोभत नाही, तरी सांगते.

तुमचं पत्र मी यायले वाचून दाखवलं. पूर्ण. लपवलं नाही.  मग माह्याकडे पाहून नाही, समोर पाहून म्हणाले, सुखीले कोण खांदा दाबते?

 काल ते गॅलरीत आले. निकिताच्या टिकल्यांवर हात फिरवला, टोचतात म्हणाले, न वापस खोलीत गेले.

तुम्हीही यवतमाळच्या त्याच डॉक्टरले दाखवा, कधी येणार ते आधी कळवजा. स्टँडवर मी येईन. एसटीच्या पायरीजवळच उभी राहीन, हलणार नाही, तुम्ही फक्त उतरजा. पण त्याच्या पुढचं मले विचारू नका. खांदा दाबाले मी एकटीच आहे, बाई. कोणाकोणाच्या मागं बसू?

मैना